अष्टकोनी लॉबी आणि पाडलेल्या भिंती

इंग्लंडच्या उत्तर भागातल्या वेस्ट यॉर्कशर परगण्यात, लोकरीच्या व्यापारावर वाढलेल्या हॅलिफॅक्स गावात ‘थ्री पिजन्स’ नावाचा एक पब आहे. रेल्वे स्टेशनापासून जवळच, साउथ परेड रस्त्याला लागून तो १९३२ साली बांधला गेला. आराखडा जॅक्सन अँड फॉक्स या गावातल्याच वास्तुरचनाकारांचा आणि मालकी सॅम्युएल वेब्स्टर अँड सन्स या गावातल्याच बिअर कंपनीची. आत पाऊल टाकले की आठ बाजूंची लॉबी लागते. ही लॉबी नुसती जाण्यायेण्याची वाट नाही. तिथेही माणसे ग्लास हातात घेऊन उभी राहतात, गप्पा मारतात. एका बाजूला काउंटर आहे आणि इतर बाजूंच्या दारांतून तीन बैठकीच्या खोल्यांत जाता येते. पायाखाली टेराझो आहे, म्हणजे मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत ‘मोझॅक’ म्हणून ओळखली जाते तसली, संगमरवराच्या कणांची घोटीव फरशी. भिंतींना लाकडी पॅनेलिंग आहे आणि खोल्यांत तिसाच्या दशकातल्या शेकोट्या आहेत. आर्ट डेको शैलीतले जे थोडे पब इंग्लंडात मूळच्या मांडणीसह टिकून आहेत, त्यांत याचे नाव नेहमी घेतले जाते.

आर्ट डेको म्हटले की डोळ्यांपुढे आधी गोलसर कोपरे, क्रोमच्या पट्ट्या, काचेवरची भौमितिक नक्षी येते. पण वस्तीच्या आठवणीत पब राहतो तो त्याच्या खोल्यांमुळे. कोण कुठल्या दाराने आत येई, कुठल्या शेकोटीजवळची खुर्ची कुणाची, बायका कुठे बसत, पोरे कुठल्या खिडकीशी उभी राहत, हे सगळे भिंतींनी ठरवलेले असे. म्हणून अशा इमारतीच्या जतनाचा खरा प्रश्न खोल्यांचा आहे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांत जास्त नासधूस झाली तीही खोल्यांचीच.

इंग्लंडमधला वस्तीतला पब आणि दारूचा गुत्ता यांत मोठे अंतर आहे. कामावरून परतणारा कामगार घरी जाण्याआधी तिथे टेकतो, म्हाताऱ्यांचा डॉमिनोजचा डाव तिथेच रंगतो, फुटबॉल क्लबाची बैठक, लग्नाची मेजवानी, अंत्यविधीनंतरचे जमणे, सगळे तिथेच होते. गावच्या पाराचे काम तिथे पबाने केले आहे. इमारत बहुधा बिअर कंपनीच्या मालकीची असे आणि चालवणारा भाडेकरू त्याच कंपनीची बिअर विकायला बांधलेला असे. त्यामुळे पब कसा दिसावा हे शेकडो इमारतींची मालकी असलेल्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरत होते.

दारूविरोधाच्या दबावातून आलेली वास्तू

या इमारती घडवण्यात दारूविरोधी चळवळीचा हात दारू पिणाऱ्यांइतकाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले पब कोंदट, अंधारे आणि संख्येने बेसुमार होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर दारूगोळ्याच्या कारखान्यांतले काम दारूपायी मागे पडते अशी सरकारची तक्रार होती. १९१५ साली दारूच्या व्यापारासाठी केंद्रीय नियंत्रण मंडळ नेमले गेले. पबांच्या वेळा कापल्या गेल्या, दुपारी ते बंद ठेवण्याची सक्ती झाली आणि अनेक भागांत दुसऱ्याला दारू पाजणेही बेकायदा ठरले. मित्राच्या ग्लासाचे पैसे भरणे हा गुन्हा होता, हे आज खरे वाटणार नाही.

त्याहून मोठा प्रयोग कार्लाइल गावात झाला. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना इथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहत होता आणि तिथले हजारो मजूर संध्याकाळी कार्लाइलमध्ये उतरत. १९१६ साली सरकारने तिथल्या बिअर कंपन्या आणि पब चक्क विकत घेतले. व्यवस्थापकाला बिअरच्या खपावर कमिशन मिळेनासे झाले, जेवण आणि बिनदारूची पेये विकली तर मात्र फायदा होई. युद्ध संपल्यावरही ही व्यवस्था चालूच राहिली, ती थेट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. सरकारचे मुख्य वास्तुरचनाकार हॅरी रेडफर्न यांनी १९२०च्या आणि ३०च्या दशकांत तिथे नवे पब बांधले. मोकळ्या खोल्या, भरपूर उजेड, बसायला नीट जागा, खाण्याची सोय आणि बायकांनाही संकोच वाटणार नाही असे वातावरण, हे त्यांचे सूत्र होते. त्यांच्या कामाचा मान म्हणून तिथल्या एका पबाला ‘रेडफर्न इन’ असे नाव दिले गेले आणि ती इमारत अजून उभी आहे.

खाजगी कंपन्यांनी हे सूत्र उचलले. त्यामागे सुधारणेची आस होती आणि व्यवहारही होता. परवाने देणारे न्यायाधीश नवा परवाना सहजी देत नसत. जुन्या दाट वस्तीतले दोन-तीन परवाने परत करा, मग नव्या उपनगरात एक घ्या, असा सौदा असे. ‘थोडे पण चांगले’ हे त्या धोरणाचे सार. महायुद्धानंतर शहरांभोवती नगरपालिकांच्या घरांच्या मोठ्या वसाहती पसरत होत्या, आणि तिथे एकच पब अख्ख्या वसाहतीला पुरायचा होता. म्हणून हे पब प्रशस्त झाले. सभागृह, बाग, चेंडू घरंगळवण्याच्या बोल्सच्या खेळासाठी हिरवळ, मोटारी उभ्या करायला जागा, हे सगळे एकाच आवारात आले. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत असे काही हजार पब बांधले गेले.

त्यांतले बहुसंख्य आर्ट डेको नव्हते. बिअर कंपन्यांचा कल जुन्याकडे होता. लाकडी चौकटीच्या, उतरत्या छपराच्या खोट्या ट्यूडर इमारती किंवा विटांच्या शांत जॉर्जियन धाटणीच्या इमारती त्यांना भरवशाच्या वाटत. १९२५च्या पॅरिस प्रदर्शनातून जगभर गेलेली नवी शैली पबांत आली ती बिचकतच. पुष्कळ ठिकाणी बाहेरून साधी विटांची इमारत आणि आत मात्र अक्रोडाचे विनियर, पायऱ्यापायऱ्यांची शेकोटी, रंगीत काच, अशी तडजोड दिसते. ‘आर्ट डेको’ हे नावही तेव्हा रूढ नव्हते. ते सर्वतोमुखी झाले १९६८ साली बेव्हिस हिलियर यांचे पुस्तक आल्यावर. त्याच तिसाच्या दशकात मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर हीच शैली निवासी इमारतींत आणि सिनेमागृहांत बहरत होती. २०१८ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात जागा दिली. इंग्लंडमधल्या पबांना असे एकगठ्ठा भाग्य लाभले नाही, कारण ते एका रांगेत नव्हते. दहा मैलांवर एक, असे विखुरलेले होते.

जिथे शैली मोकळेपणाने आली तिथे तिने मजा केली. हॅटफील्डचे ‘कॉमेट’ हे ई. बी. मुसमन यांनी रचलेले रस्त्याकडेचे हॉटेल जवळच्या डी हॅविलंड विमान कारखान्याची आठवण ठेवून विमानाच्या आकारात बांधले गेले. लंडनमध्ये ब्लूम्सबरीच्या रॉजर स्ट्रीटवरचा ‘ड्यूक’ हा १९३८ सालचा पब एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर आहे, आणि त्यातले लाकडी आडोशांचे छोटे कप्पे अजून आहेत. नॉटिंगहॅमजवळ डेब्रुकचा ‘व्हेल’ टी. सेसिल हाविट यांचा. नॉटिंगहॅमचे घुमटाचे कौन्सिल हाउस रचणारे तेच.

नॉटिंगहॅमच्या नदीपलीकडल्या वेस्ट ब्रिजफर्ड उपनगरातला ‘टेस्ट मॅच’ मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. नावावरून कळते तसे ट्रेंट ब्रिजचे क्रिकेट मैदान इथून जवळ आहे. २००७ साली श्रीरामपूरच्या झहीर खानने सामन्यात नऊ बळी घेऊन भारताला कसोटी जिंकून दिली ते हेच मैदान. गंमत म्हणजे मैदानाचा जन्मही पबातून झाला. १८३०च्या दशकात विल्यम क्लार्क या क्रिकेटपटूने ट्रेंट ब्रिज इन चालवणाऱ्या विधवेशी लग्न केले आणि पबामागची जमीन सपाट करून तिथे क्रिकेट सुरू केले. पण वेस्ट ब्रिजफर्ड उपनगर वाढले तेव्हा जमीनमालक घराण्याच्या करारातल्या अटींमुळे तिथे पब उघडणे अवघड होते. ‘टेस्ट मॅच’ आला तो १९३८ साली. वास्तुरचनाकार ए. सी. व्हीलर. फिरत्या दारातून आत गेले की दुमजली उंचीचा लाउंज, वर कॉकटेल बार, आणि भिंतींवर टी. एल. बी. हस्किन्सन यांनी रंगवलेली क्रिकेटची चित्रे. बाजूला पब्लिक बार, त्याचे दार वेगळे, त्याचा थाट साधा. एकाच छपराखाली दोन जगे होती आणि दोन्ही आजही ओळखू येतात.

कोण कुठे बसे

खोल्यांची ही उतरंड प्रत्येक पबात होती, नावे मात्र प्रांतागणिक बदलत. पब्लिक बार, उत्तरेत त्यालाच व्हॉल्ट म्हणत, हा कामाच्या कपड्यांत येणाऱ्या पुरुषांचा. तिथे उघडी फरशी, बाके, डार्ट्सचा फळा. सलून बार किंवा लाउंजमध्ये गालिचा आणि गादीच्या खुर्च्या. स्मोक रूम ही ऐसपैस बसून बोलणाऱ्यांची, तर स्नग ही चारसहा माणसांची चिमुकली खोली. तिथे वयस्क बायका रस्त्यावरून कुणाला न दिसता निवांत बसत. ‘मास ऑब्झर्वेशन’ या संस्थेच्या निरीक्षकांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस लँकशरमधल्या बोल्टनच्या पबांत महिनोन्महिने बसून नोंदी केल्या. कोण किती वेगाने पितो, कोण कुणाशी बोलतो, टेबलावर कुठले खेळ चालतात, हे सगळे त्यांनी टिपले, आणि १९४३ साली ते पुस्तकरूपाने आले. तीच बिअर चांगल्या खोलीत घेतली तर पेनीने महाग पडते आणि व्हॉल्टमध्ये बाई दिसत नाही, हे त्यातून कळते. तेव्हाच्या मजुराला एक पेनी ही विचार करण्याजोगी रक्कम होती. चांगल्या खोलीत बसणे हा शनिवारचा, बायकोला घेऊन जाण्याचा बेत असे.

या खोल्यांत भिंतीवर, बाकाच्या पाठीच्या वर, घंटीचे छोटे बटण असे. ते दाबले की काउंटरमागच्या पेटीत त्या खोलीची खूण हले आणि वेटर ट्रे घेऊन येई. पुष्कळ ठिकाणी बटणे अजून भिंतीत आहेत आणि तारा मात्र कधीच तुटल्या आहेत. बाकावर बसलेल्या माणसाला उठावे लागू नये म्हणून किती हिशेबाने जागा निवडली होती, हे हात मागे नेऊन पाहिल्यावरच कळते. दोन माणसांच्या मध्ये, खांद्याच्या थोडे वर, एक बटण.

आणखी एक जागा वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात हमखास येते, ती घरी न्यायची बिअर विकणारी खिडकी. रस्त्यावरून थेट तिच्याशी जाता येई. बापासाठी रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर आणायला पोराला भांडे देऊन पाठवण्याची पद्धत होती. वाटेत पोरे घुटके घेतात म्हणून १९०१ साली कायदा झाला की चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती बंद, मोहोर लावलेल्या बाटलीतच बिअर द्यायची. तिसाच्या दशकातल्या नकाशांत ही खिडकी आवर्जून काढलेली असे. आज ती टिकली असेल तर तिच्यामागे बहुधा रिकामी खोकी रचलेली सापडतात.

दुसऱ्या महायुद्धात खोल्यांचे नियम सैल झाले. कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणी गटाने पबात येऊ लागल्या. बॉम्ब पडून शेजारची घरे गेली तरी पब चालू राहिल्याच्या कथा पूर्व लंडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. माइल एंड पार्कमधला ‘पाम ट्री’ हा १९३०च्या दशकातला ट्रूमन कंपनीचा पब आज हिरवळीत एकटाच उभा दिसतो. त्याच्या दोन्ही अंगांना एकेकाळी रस्ते आणि घरे होती. बॉम्बहल्ले आणि नंतरची पाडापाड यांत ती गेली.

आठवणी सगळ्याच उबदार नाहीत, आणि जतनाचा विचार करणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये. ज्या भिंतींनी माणसांना आडोसा दिला त्याच भिंतींनी माणसांना बाहेरही ठेवले. मिडलँड्समधल्या स्मेदिक गावी ओतशाळांत काम करायला आलेल्या पंजाबी आणि कॅरिबियन मजुरांना अनेक पबांच्या चांगल्या खोल्यांत ग्लास मिळत नसे. त्यांनी पब्लिक बारमध्येच उभे राहायचे. १२ फेब्रुवारी १९६५ या दिवशी इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल हे अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना तिथल्या ‘ब्लू गेट्स’ पबात घेऊन गेले. चांगल्या खोलीत त्यांना नकार मिळाला. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी पहिला कायदा आला आणि पबांतली ही आडकाठी बेकायदा ठरली. पुढे याच भागातले बंद पडत चाललेले अनेक पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. तंदूर, मिक्स्ड ग्रिल आणि टीव्हीवरचा फुटबॉल यांवर ते पुन्हा उभे राहिले आणि ‘देसी पब’ म्हणून आता नावाजले जातात. बायकांचा लढा आणखी लांबला. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका प्रसिद्ध मद्यगृहात काउंटरशी उभ्या राहिलेल्या बाईला ग्लास न देणे हा भेदभाव आहे, असा निकाल वरिष्ठ न्यायालयाकडून यायला १९८२ साल उजाडले.

भिंती गेल्या त्या वर्षांत

१९६०नंतर पबांच्या आतल्या भिंती झपाट्याने पाडल्या गेल्या. कारणे अनेक होती आणि त्यांतली काही समजण्यासारखी आहेत. चार खोल्या सांभाळायला जास्त नोकर लागतात. पोलिसांना आणि परवाना देणाऱ्या न्यायाधीशांना काउंटरवरून सगळी जागा नजरेत राहिलेली हवी होती. घरोघरी टीव्ही आल्यावर नुसते बसायला येणारे कमी झाले, आणि संगीत, जेवण, जुगाराची यंत्रे यांसाठी एक मोठी खोली सोयीची वाटू लागली. वर्गभेदाच्या खुणा म्हणून वेगळ्या खोल्या नकोशा वाटणारेही होते. पण पाडताना विचार झाला नाही हे खरे. टेराझोवर गालिचा चिकटवला, विनियरवर रंग फासला, कोरीव काचा काढून साध्या बसवल्या.

व्हिक्टोरियन पब निदान जुने म्हणून वाचले. तिसाच्या दशकातले पब त्या वेळी धड जुने नव्हते, धड नवे नव्हते. ज्यांनी ते बांधताना पाहिले ती माणसे वस्तीतच राहत होती. स्वतःच्या तरुणपणीची इमारत वारसा म्हणून कुणाला सुचत नाही. बेसिल ऑलिव्हर यांनी १९४७ साली या पबांवर एक मोठे पुस्तक लिहिले होते, पण त्यातल्या चित्रांतल्या कित्येक इमारती नंतर ओळखू येईनाशा झाल्या. १९८९ साली सरकारने मोठ्या बिअर कंपन्यांना त्यांच्या मालकीच्या पबांची संख्या कमी करायला लावले. हजारो इमारती नव्या मालमत्ता कंपन्यांच्या हाती गेल्या. मोठे आवार, मोटारींना जागा, उपनगरातला कोपरा, हे या पबांचे गुण आता त्यांच्या मुळावर आले. सुपरमार्केट आणि फ्लॅट बांधायला इतकी सोयीची जमीन दुसरी नव्हती.

हे थोपवायला पुढे आली ती बिअरप्रेमींची संघटना. कॅम्रा ही संस्था १९७१ साली पिंपातली पारंपरिक बिअर वाचवण्यासाठी निघाली. बिअर वाचवायची तर ती जिथे पितात ती जागाही वाचवायला हवी हे तिच्या लवकरच ध्यानात आले, आणि देशातल्या ऐतिहासिक पब-अंतर्भागांची सूची तिने १९९०च्या दशकात तयार केली. स्वयंसेवकांनी गावोगाव फिरून, काउंटरमागे वाकून, कुठले लाकूड मूळचे आणि कुठले नंतरचे हे नोंदवले. सरकारी वारसा संस्थेने, हिस्टॉरिक इंग्लंडने, दोन महायुद्धांच्या मधल्या पबांचा स्वतंत्र अभ्यास केला आणि २०१५ साली एकाच वेळी एकवीस पबांना संरक्षित यादीत घेतले किंवा त्यांचा दर्जा वाढवला. त्यांत ‘पाम ट्री’ होता.

दुरुस्ती कशी होते

दुरुस्तीची सुरुवात कागदांपासून होते. १९०२च्या कायद्याने परवानाधारक जागेत बांधकामाचा मोठा बदल करायचा तर नकाशा न्यायाधीशांना दाखवून मंजूर करून घेणे भाग होते. त्यामुळे पबांचे नकाशे परगण्यांच्या दफ्तरखान्यांत साठत गेले. दारूवर नजर ठेवण्यासाठी केलेल्या नियमाने वास्तूंचा इतका चोख पुरावा मागे ठेवला. नकाशात नसते ते फरशीवर दिसते. भिंत काढलेल्या जागी टेराझोत वेगळ्या रंगाचा पट्टा भरलेला असतो, छताच्या कडेची नक्षी अचानक तुटते, लाकडात स्क्रूची बुजवलेली भोके रांगेत सापडतात. आणि मग वस्तीतली माणसे: दार इकडे उघडायचे की तिकडे, काच हिरवी होती की पिवळी, हे नकाशा सांगत नाही, ते ऐंशीच्या घरातली माणसे सांगतात.

‘थ्री पिजन्स’ची मालक वेब्स्टर कंपनी १९७०च्या दशकात मोठ्या समूहात विलीन झाली आणि तिची हॅलिफॅक्समधली बिअर बनवण्याची जागा १९९६ साली बंद पडली. पब मागे राहिला. २००५च्या सुमारास जवळच्याच ऑसेट गावच्या ऑसेट ब्रुअरीने तो घेतला आणि त्याची दुरुस्ती करवून घेतली. लॉबीचे आठही कोन आणि भोवतीच्या खोल्या तशाच ठेवून तो चालवला जातो. तिथे पारंपरिक पिंपातल्या बिअरवर भर आहे आणि खोल्या लहान असणे ही अडचण न ठरता त्याच कारणाने लोक तिथे येतात. परगण्यातल्याच छोट्या कंपनीने परगण्यातला जुना पब घेतला, ही या जतनातली सुदैवाची बाजू आहे. दूरच्या भांडवलदाराला तीन खोल्यांचा हिशेब पटला नसता.

साहित्याच्या अडचणी या काळाच्या इमारतींत वेगळ्या येतात. ओक लाकूड आणि वीट दुरुस्त करणारे कारागीर अजून मिळतात. तिसाचे दशक मात्र नव्या कारखानी मालाचे होते. व्हिट्रोलाइट ही रंगीत अपारदर्शक काच आता बनत नाही. तडकलेली पाटी बदलायची तर दुसऱ्या पाडलेल्या इमारतीतून काढलेला तुकडा शोधावा लागतो. एसेक्समधल्या क्रिटॉल कंपनीच्या पोलादी खिडक्या गंजल्या की गंज फुगतो आणि काचेला तडा जातो. त्या काढून, घासून, जस्ताचा थर देऊन, नव्याने लांबी भरून बसवाव्या लागतात. विनियर म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. बिअर सांडून, ओल लागून तो कडेने सुटतो. जुना सरस ऊब देऊन मऊ करायचा, पापुद्रा खाली दाबून धरायचा, आणि जिथे तुकडा गेला असेल तिथे शेजारच्या रेषांशी जुळणारा तुकडा बसवायचा, असे हे काम चालते. त्या काळी एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे आरशातल्या प्रतिबिंबासारखे समोरासमोर लावत, त्यामुळे चुकीचा तुकडा दुरूनही डोळ्यांत खुपतो. छताचा प्रश्न आणखी नाजूक. सत्तर वर्षांच्या तंबाखूच्या धुराने पांढरे छत मधासारखे तपकिरी झालेले असते. १ जुलै २००७ पासून इंग्लंडच्या पबांत धूम्रपान बंद झाले, म्हणजे तो रंग आता नव्याने चढणार नाही. तो धुऊन काढावा की ठेवावा यावर जाणकारांत मतभेद आहेत. मूळ रंग आणि माणसांच्या वावराचा रंग यांतले एकच निवडायचे असेल, तर ज्या पबात बाकी सगळे शाबूत आहे तिथे छत ठेवावे असेच वाटते.

पाडलेला पब पुन्हा उभा राहू शकतो का, याचे उत्तर लंडनच्या ‘कार्लटन टॅव्हर्न’ने दिले. तो आर्ट डेको नाही. किलबर्नजवळ कार्लटन व्हेल रस्त्यावरचा हा पब चॅरिंग्टन कंपनीने १९२०-२१ साली बांधला. तिथला आधीचा पब पहिल्या महायुद्धात विमानातून टाकलेल्या बॉम्बने उद्ध्वस्त झाला होता. २०१५च्या सुरुवातीला तिथे फ्लॅट बांधण्याचा अर्ज वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने फेटाळला आणि इमारत संरक्षित यादीत जाण्याच्या बेतात होती. ८ एप्रिल २०१५ रोजी मालकांनी कुठलीही परवानगी न घेता ती पाडायला घेतली. वस्तीतल्या लोकांना मात्र आधीच शंका आली होती. त्यांच्या आग्रहावरून तज्ज्ञांनी इमारतीची बारकाईने नोंद केली होती, फरशांचे प्लास्टरचे साचे घेतले होते. नगरपालिकेने आदेश काढला की इमारत होती तशी, विटेला वीट लावून पुन्हा बांधा. मालकांनी अपील केले, सार्वजनिक चौकशी झाली, २०१६ साली निर्णय नगरपालिकेच्या बाजूने लागला. ढिगाऱ्यातून निवडलेल्या वस्तू आणि घेतलेले साचे वापरून पब पुन्हा उभा राहिला आणि १२ एप्रिल २०२१ रोजी, कोविडची बंधने सैल झाली त्याच दिवशी, त्याचे दार उघडले. पुढच्या अनेक प्रकरणांत हा दाखला दिला जातो. दरम्यान मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यासाठी किंवा त्याचा वापर बदलण्यासाठी नियोजन खात्याची परवानगी सक्तीची झाली. त्याआधी बहुतेक बिनसंरक्षित पब परवानगीशिवाय पाडता येत.

संरक्षित यादीत नाव आल्याने भाडे भरले जात नाही, हे दुरुस्तीनंतरच्या वर्षांत कळते. अरुंद दारांतून चाकाची खुर्ची न्यायची, आधुनिक स्वयंपाकघर बसवायचे, वीज आणि उबेचा खर्च पेलायचा, आणि तरी लॉबीची एकही बाजू मोडायची नाही, असा हा मेळ आहे. जिथे तो जमला तिथे खोल्या नव्या कामांना लागल्या आहेत. एका खोलीत पुस्तकमंडळ, दुसरीत तान्ह्या बाळांना घेऊन आलेल्या आया, पब्लिक बारमध्ये डार्ट्सचा संघ, सभागृहात भारतीय जेवणाची मेजवानी. तेवढ्यासाठी चार खोल्यांचा पब एका खोलीच्या पबापेक्षा सोयीचा पडतो, हे चालवणाऱ्यांना आता पटू लागले आहे. काही ठिकाणी तर १९७०च्या दशकात पाडलेली भिंत जुन्या नकाशावरून पुन्हा बांधून घेतली जात आहे.